एडिंबरात भेंडी लावायची आहे (हसू नका)

घोंगडीवाली
१४ एप्रिल, रात्री १०:१२

मंडळी, सहा वर्षं यादीत नाव लावून बसले होते, शेवटी गेल्या महिन्यात अलॉटमेंट (भाजी लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) मिळाली. इथे पूर्ण तुकडा २५० चौरस मीटरचा धरतात, मला अर्धा मिळालाय. आधीचे आजोबा जाताना एक जुनं काचेचं ग्रीनहाऊस सोडून गेलेत, आठ बाय सहा फुटी, दोन काचा गायब. वीज नाही. पाणी नळाचं, बर्फासारखं.

बटाटे, कांदे, कोबी, वाटाणे हे सगळं इथे डोळे मिटून येतं हे मला माहीत आहे. शेजारचे सगळे तेच लावतात. पण मी सोलापूरची. मला भेंडी हवी आहे. शिवाय वांगी, मिरची, जमलं तर दुधी आणि वाल.

गेल्या वर्षी घरात दक्षिणेच्या खिडकीत प्रयोग केला. भेंडीच्या १८ बिया लावल्या, ५ उगवल्या, ३ कोलमडल्या, एक स्लगने (बिनशंखाच्या गोगलगायीने) खाल्ली. उरलेली एक ऑगस्टपर्यंत वीतभर झाली. तिला एकच फूल आलं आणि त्याची करंगळीएवढी भेंडी झाली. नवऱ्याने तिचा फोटो सासूबाईंना पाठवला, त्यांनी विचारलं, "मिरची का गं?"

थंड हवेत कोणी भेंडी खरंच पिकवली आहे का? पिकवली असेल तर कशी? आणि नसेल जमणार तर तेही सरळ सांगा, मी बटाटे लावेन.

---

वऱ्हाडी_ठेचा
१४ एप्रिल, रात्री १०:३१

आमच्याकडे आज ४२ होतं. डब्यात भरून पाठवू का? कुरियरचा खर्च तुमचा.

---

गप्प_बसा
१४ एप्रिल, रात्री १०:३८

सहा वर्षं थांबून भेंडी? मी तेवढ्यात पीएचडी सोडून दिली होती.

(पहिल्या बाकावर जागा धरून ठेवतोय.)

---

मिनीसोटा
१५ एप्रिल, पहाटे २:०५

अगदी जमतं हो. आमच्याकडे मिनियापोलिसला हिवाळ्यात उणे पंचवीस होतं, तरी मी दरवर्षी भेंडी काढतो. मेच्या शेवटी रोपं जमिनीत, जुलैच्या शेवटापासून दिवसाआड भेंडी. ग्रीनहाऊस वगैरे काही नाही. एक वाफा आणि काळं प्लास्टिक, बास. एडिंबरा तर आमच्यापेक्षा कितीतरी सौम्य. बिनधास्त लावा.

---

ओलीचिंब
१५ एप्रिल, सकाळी ७:५०

मिनीसोटा, तुमचा सल्ला चांगल्या मनाने दिलेला आहे, पण हाच सल्ला ऐकून माझी पहिली तीन वर्षं वाया गेली म्हणून बोलतेय.

मी सिअॅटलला असते. हिवाळा तुमच्या मानाने लाडका. पण भेंडीला तुमच्या जानेवारीशी काय घेणंदेणं? तिला जुलै हवा. तुमच्याकडे जुलैत दुपारी २८-२९ अंश आणि रात्री १८ असतं. म्हणजे तुमचा उन्हाळा छोटा आहे, पण उन्हाळा आहे. आमच्याकडे जुलैत दुपारी २५-२६ आणि रात्री १३-१४. आणि घोंगडीवालीकडे दुपारी १९ नि रात्री ११. 'थंड हवा' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. एकीकडे हंगाम लहान असतो, दुसरीकडे हंगाम लांब असतो पण तापतच नाही. पहिल्यावर औषध सोपं आहे, घरात रोप लवकर करा. दुसऱ्यावर ते औषध चालत नाही, कारण रोप बाहेर काढल्यावरही तिथे त्याला ऊब नसतेच.

भेंडीचं बी साधारण २५ ते ३५ अंश मातीत सुखाने उगवतं. १५-१६च्या खाली ते मातीत नुसतं भिजून कुजतं. आणि मोठं झाडसुद्धा रात्र दहा अंशांच्या आसपास गेली की पानं पिवळी करून रुसून बसतं. वाढ थांबते, पण मरत नाही. हेच वाईट. मेलं असतं तर आपण मुळा तरी पेरला असता.

मी आता भेंडी फक्त बोगद्यात, म्हणजे प्लास्टिकच्या कमानीखाली लावते. आमच्या पी-पॅचवर (शहराच्या सामाईक बागा, १९७३ पासून आहेत) अशा कमानींना परवानगी आहे.

---

मिनीसोटा
१५ एप्रिल, सकाळी ८:२०

हे मान्य. रात्रीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. माझ्याकडे रात्रीही घाम येतो.

---

लीड्सकाकू
१५ एप्रिल, दुपारी १:१५

घोंगडीवाली, बेटा, मी इथे ३१ वर्षं आहे. पहिली दहा वर्षं भेंडीच्या मागे घालवली. मग मिरची लावली आणि सुखी झाले.

मिरचीचं आणि भेंडीचं गणित वेगळं. मिरची बारा-तेरा अंशांची रात्र कुरकुरत का होईना काढते, आणि तिचं झाड कुंडीसकट उचलून घरात आणता येतं. माझ्याकडे एक झाड पाच वर्षांचं आहे. नोव्हेंबरमध्ये छाटून खुंट ठेवायचा, पाणी अगदी महिन्यातून दोनदा, फेब्रुवारीत फुटवे येतात. नव्या रोपाच्या आधी दोन महिने मिरच्या मिळतात.

बी उगवायला मात्र ऊब लागते. हीट मॅट (बियांखाली ठेवायची विजेची गरम चटई) विकत घेऊ नकोस. आपण विरजण कुठे लावतो? बॉयलरच्या कपाटात. तिथेच बियांचा डबा ठेव. ओल्या टिश्यूत, झाकण लावून. कोंब दिसला की मातीत. फक्त दह्याच्या आणि बियांच्या डब्यावर चिठ्ठी लाव. आमच्या ह्यांनी एकदा... जाऊ दे.

---

गप्प_बसा
१५ एप्रिल, दुपारी १:२२

काकू, 'जाऊ दे' चालणार नाही. लोक पॉपकॉर्न घेऊन बसलेत.

---

लीड्सकाकू
१५ एप्रिल, दुपारी १:४०

मिरचीच्या बियांची कोशिंबीर खाल्ली त्यांनी. झालं समाधान?

---

बीजप्रक्रिया
१५ एप्रिल, रात्री ९:०२

मी राहुरीला कृषी विद्यापीठात शिकलो, आता नोकरी बियाण्यांतच. एक मुद्दा अजून कोणी काढला नाही म्हणून लिहितो. तापमान सोडा, दिवसाची लांबी बघा.

पुण्यात वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. एडिंबरात जूनमध्ये साडेसतरा तासांचा. आपल्या कितीतरी भाज्या दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. वाल घ्या. आपल्याकडे ज्येष्ठ-आषाढात पेरतात, वेल नुसता माजतो, आणि फुलं अश्विनात. म्हणून तर शेंगा थंडीत मिळतात, ऑगस्टमध्ये नाही. तोच वाल एडिंबरात लावला तर दिवस बारा तासांवर यायला सप्टेंबरचा शेवटचा आठवडा उजाडेल. तोवर वेल ग्रीनहाऊसच्या छतापर्यंत जाईल, कळी दिसेल, आणि महिन्याभरात थंडी त्याला झोपवेल. त्याला कितीही ऊब दिलीत तरी.

अंबाडीचं तसंच, दिवस तेरा तासांच्या खाली आल्याशिवाय फूल नाही. पण अंबाडीचा आपल्याला पालाच हवा असतो! म्हणजे तुमचा लांब दिवस तिथे फायद्याचा. ती फुलायचं विसरून पानंच देत राहील. ऊब मात्र लागेल, म्हणजे ग्रीनहाऊसमध्येच.

भेंडीत जातीजातीत फरक आहे. आफ्रिकेतल्या काही जुन्या जाती लांब दिवसात फुलतच नाहीत. आपल्या परभणी क्रांती, अर्का अनामिका, किंवा अमेरिकेची क्लेमसन स्पाइनलेस या त्या मानाने कमी नखरेल. वाल हवाच असेल तर अर्का जयसारखी झुडपी जात शोधा, ती दिवसाची लांबी बघत नाही. शेंग चपटी, चव कडव्या वालाची नाही, पण शेंग येईल.

---

घोंगडीवाली
१५ एप्रिल, रात्री १०:४०

बीजप्रक्रिया, तुमच्या पाया पडते. मागच्या वर्षी मैत्रिणीने बर्मिंगहॅमला वाल लावला होता. तिच्या बाल्कनीचा पार मांडव झाला, एक शेंग नाही. आम्ही समजलो खत जास्त झालं.

ओलीचिंब, मी आज ग्रीनहाऊसमध्ये किमान-कमाल थर्मामीटर लावला. तुटक्या काचांच्या जागी सध्या पुठ्ठा. काकू, बॉयलरचं कपाट आहे आमच्याकडे. चिठ्ठी लावेन.

आता बियाणं. आई मेमध्ये येतेय. तिला परभणी क्रांतीचं पाकीट आणायला सांगू ना?

---

हिशोबनीस
१५ एप्रिल, रात्री ११:१५

सांगू नका. ब्रिटनमध्ये काय, आमच्या युरोपात काय, बाहेरून बी आणायचं तर रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र सोबत लागतं. पाकीट छोटं असलं तरी.

---

वऱ्हाडी_ठेचा
१६ एप्रिल, सकाळी ६:४८

काय राव, दहा रुपयांच्या पाकिटाला प्रमाणपत्र? आमची मावशी कॅनडात लोणच्याच्या बरणीच्या तळाशी...

---

बीजप्रक्रिया
१६ एप्रिल, सकाळी ९:३०

ठेचाभाऊ, बरणीचं पुढचं वाक्य लिहू नका, मावशी अडचणीत येईल.

गंमत सोडा. हा नियम उगाच नाही. टोमॅटो-मिरचीच्या बियांवरून सुरकुत्या रोगाचा एक नवा विषाणू गेल्या काही वर्षांत देशोदेशी पसरला. तो शिरला की अख्खं ग्रीनहाऊस उपटून जाळावं लागतं. एका हौशी माणसाच्या पाकिटातून शेजारच्या शेतकऱ्याचं वर्ष जाऊ शकतं. तिथलेच बी विकणारे क्लेमसन स्पाइनलेस ठेवतात, ती घ्या.

---

लीड्सकाकू
१६ एप्रिल, सकाळी ११:०५

मी ९०च्या दशकात सगळं आणलंय, खोटं कशाला बोलू. आता नाही आणत. आणि खरं सांगू, इथे विकत मिळणारं बी इथल्या हवेत जास्त चालतं. आपण बियांत माहेर शोधतो.

---

सुभेदार_निवृत्त
१६ एप्रिल, दुपारी ४:२०

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातला, फौजेत २४ वर्षं काढली, त्यातली तीन लेहला. उंची साडेतीन हजार मीटर. हिवाळ्यात तिथे ताजी पालेभाजी हे स्वप्नच. पण डीआरडीओची (संरक्षण खात्याच्या संशोधन संघटनेची) एक संस्था तिथे १९६२ पासून याच कामावर आहे, आणि गावकऱ्यांची काचघरं आम्ही रोज बघायचो.

त्यांची पद्धत सांगतो. दक्षिणेची बाजू फक्त प्लास्टिकची. उत्तर, पूर्व, पश्चिम या तिन्ही भिंती कच्च्या विटांच्या, जाडजूड. उत्तरेची भिंत आतून काळी. दिवसभर भिंत तापते, रात्रभर ऊब सोडते. वरून रात्री गोधडीसारखं आच्छादन. ना हीटर, ना वीज. बाहेर उणे वीस, आत पालक. उन्हाळ्यात काळं प्लास्टिक अंथरून ते लोक टोमॅटो, ढोबळी मिरची, कलिंगडसुद्धा काढतात.

ताईंनी ग्रीनहाऊसच्या उत्तर बाजूला काच कशाला ठेवायची? तिथून ऊन फारसं येत नाही. विटा रचा.

---

घोंगडीवाली
१६ एप्रिल, सायं ७:०५

सुभेदारकाका, फार छान माहिती. फक्त एक अडचण. लेहला ढग नसतात. इथे ऊनच नाही, तर भिंत तापणार कशाने? इथलं आकाश म्हणजे धुतलेलं पातेलं पालथं घातल्यासारखं.

---

हिशोबनीस
१६ एप्रिल, रात्री ९:५५

आकडे मांडू का? मांडतोच.

आठ बाय सहाच्या ग्रीनहाऊसचा बाहेरचा पृष्ठभाग साधारण २० चौरस मीटर. एकेरी काच. आत बाहेरपेक्षा ६ अंश जास्त ठेवायचं तर सतत सुमारे ६५० ते ७०० वॅट गळती. जूनमधली तुमची रात्र साडेसहा तासांची, म्हणजे एका रात्रीला चार-साडेचार युनिट.

आता २०० लिटरचं काळं पिंप पाण्याने भरलंत आणि ते रात्रीत २५ वरून १५ ला आलं, तर त्यातून सुटतात २.३ युनिट. दोन पिंपं ठेवा, हिशोब जुळला. पाणी हे विटेपेक्षा जास्त ऊब धरतं, आणि उचलून न्यायलाही सोपं. रिकामं असताना.

कच्चा दुवा काकांना दिलेल्या उत्तरातलाच आहे. पिंप २५ला पोचलं पाहिजे. ढगाळ आठवड्यात ते १७ला पोचेल, मग तो थंड पाण्याचा रांजण.

म्हणून गळती कमी करा. बुडबुड्यांचं प्लास्टिक आतून चिकटवा. आणि ग्रीनहाऊसच्या आत, फक्त भेंडीच्या वाफ्यावर, आणखी एक छोटा तंबू. २० चौरस मीटर गरम करण्यापेक्षा तीन करा.

---

ओलीचिंब
१७ एप्रिल, सकाळी ६:३०

घरात घर! अगदी. मी हेच करते. रात्री भेंडीवर आतून फ्लीस, म्हणजे बागेचं पांढरं विरविरीत कापड. दोन-तीन अंशांचा फरक पडतो. सकाळी काढायला विसरलं तर भुरी येते, तेवढं लक्षात ठेव.

---

गप्प_बसा
१७ एप्रिल, सकाळी ८:१२

सारांश: भेंडीला घर, घरात तंबू, तंबूत पांघरूण, उशाला पाण्याचं पिंप. माझ्या हॉस्टेलपेक्षा बरी सोय आहे. ह.घ्या.

---

लीड्सकाकू
१७ एप्रिल, दुपारी १२:००

गप्प्या, याहून नखरे झालेत या देशात. घोंगडीवाली, तुझ्यापासून फार लांब नाही, फॉल्कर्कजवळ डनमोरला जा एकदा. दगडी अननसाच्या आकाराची इमारत आहे, दारावर १७६१ कोरलंय. उंच भिंतींची बाग, भिंती पोकळ, त्यात भट्टीची गरम हवा खेळवायचे. वर धुराडी दिसू नयेत म्हणून त्यांना कलशांचा आकार दिलाय. स्कॉटलंडमध्ये अननस काढायचे लोक त्या काळी! कॉर्नवॉलमध्ये घोड्याच्या लिदीच्या उबेवर अननस काढायचे, तिथल्या हेलिगन बागेतला तो खड्डा अजून चालू आहे.

लीद हा विचार कर. ताजी लीद आणि पेंढा दोन-अडीच फूट रचून वर वीतभर माती. सडताना खालून तापतं. पहिले काही दिवस फार तापतं, तेव्हा रोप लावायचं नाही. हात घालून बघायचा, चटका बसेनासा झाला की लावायचं.

---

घोंगडीवाली
१८ एप्रिल, रात्री ९:३०

काकू!! अलॉटमेंटच्या मागेच घोड्यांचा तबेला आहे. ते लीद फुकट देतात, वर आभार मानतात.

ठरलं. भेंडी लिदीच्या वाफ्यावर, ग्रीनहाऊसच्या आत, फ्लीसखाली. पिंप एकच परवडतंय. बाकी मिरची, अंबाडी, आणि एक दुधी नुसता हट्ट म्हणून. वाल रद्द.

---

सुभेदार_निवृत्त
१८ एप्रिल, रात्री १०:०५

शाब्बास. अहवाल पाठवत राहा.

---

घोंगडीवाली
२ जून, रात्री ११:१८

अहवाल.

क्लेमसनच्या २० बिया रात्रभर कोमट पाण्यात, मग बॉयलरच्या कपाटात (चिठ्ठी लावून). चौथ्या दिवशी १४ना कोंब. टॉयलेट रोलच्या नळ्यांत लावल्या, कारण भेंडीला सोटमूळ दुखावलेलं चालत नाही असं वाचलं होतं. नळीसकट जमिनीत. लिदीच्या वाफ्यात वीतभर खोल थर्मामीटर खुपसला तर २६! बाहेर ९ आणि पाऊस.

आत्ता १२ रोपं जिवंत. दोन स्लगनी नेली. बियरचे डबे पुरलेत. माझे शेजारी आजोबा म्हणाले, एवढी चांगली बियर स्लगला कशाला.

रात्रीचं किमान ग्रीनहाऊसमध्ये ११, फ्लीसखाली १४.

---

वऱ्हाडी_ठेचा
३ जून, सकाळी ७:१०

इकडे टोमॅटोची सगळी फुलं उन्हानं गळाली. ३५च्या वर गेलं की फळच धरत नाही. रात्रीसुद्धा भट्टी. तुमच्याकडे थंडीनं गळतं, आमच्याकडे उन्हानं. मधोमध कुठंतरी भेटू.

---

ओलीचिंब
३ जून, सकाळी ९:४५

अवांतर, पण ठेचाभाऊंवरून आठवलं. २८ जून २०२१ला आमच्या सिअॅटलला ४२ अंश झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा भेंडी लावून आनंदी होते, बाकी सगळी बाग करपली. लेट्यूस उकडल्यासारखं झालं होतं. म्हणजे हवा कुठल्या बाजूला जाईल सांगता येत नाही.

---

घोंगडीवाली
२० जुलै, रात्री ११:५०

दुधीचं लग्न लावलं आज.

दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात हे मला माहीत नव्हतं. रोज सकाळी जायचे, मिटलेली दिसायची, वाटायचं कोमेजली. बीजप्रक्रियांना विचारलं तर म्हणाले, रात्रीच्या पतंगांसाठी फुलतात, म्हणून पांढरी. इथे ग्रीनहाऊसच्या आत कुठला पतंग येणार!

नर फुलं पंधरा दिवस ढिगाने, मादी एकही नाही. (लांब दिवस, हो ना?) आज पहिली मादी कळी, मागे बोराएवढा केसाळ दुधी. रात्री नऊला गेले. अजून लख्ख उजेड. नर फूल तोडलं, पाकळ्या मागे दुमडल्या, मादीच्या आत हलकेच फिरवलं. बोटाला पिवळी पूड लागली. शेजारचे आजोबा कुंपणावरून बघत होते. विचारलं, काय करतेस? मी म्हटलं, लग्न. ते टोपी काढून उभे राहिले.

---

लीड्सकाकू
२१ जुलै, सकाळी ८:००

अगं किती छान लिहिलंस. अक्षता टाकल्या इथून.

---

बीजप्रक्रिया
२१ जुलै, सकाळी ९:१५

हो, लांब दिवसात नर फुलांचा जोर जास्त असतो. ऑगस्टमध्ये माद्या वाढतील. दोडका लावलात तर त्याचंही संध्याकाळी. घोसाळं मात्र पहाटे उमलतं, त्याला लवकर उठावं लागेल.

---

मिनीसोटा
२१ जुलै, सकाळी १०:३३

आणि भेंडी?? मूळ प्रश्न भेंडीचा होता, सगळे वऱ्हाडी झालेत.

---

घोंगडीवाली
२१ जुलै, दुपारी १:०५

भेंडी गुडघ्याएवढी. कळ्या आहेत. लीद आता थंड झाली, माती १८. इथून पुढे देव आणि फ्लीस.

---

हिशोबनीस
१४ ऑक्टोबर, रात्री ८:४०

धागा वर आणतोय. निकाल काय लागला?

---

घोंगडीवाली
१५ ऑक्टोबर, रात्री १०:२०

तीनदा लिहायला बसले आणि उठले. आता सगळं सांगते.

मिरची: मोजली नाही. डबा भरून फ्रीजरमध्ये. दोन झाडं घरात आणली, काकूंच्या पद्धतीने छाटणार.

अंबाडी: हा या वर्षीचा खरा विजेता. चार झाडं, कमरेपर्यंत. जुलैपासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत दर आठवड्याला भाजी. कण्या घालून, वर लसणाची फोडणी. आई सप्टेंबरपर्यंत राहिली. ती म्हणाली, सोलापूरला इतकी कोवळी मिळत नाही.

दुधी: एक. साडेसातशे ग्रॅम. अर्धा शेजारच्या आजोबांना दिला, लग्नाला हजर होते म्हणून. त्यांनी तो उकडून लोण्याबरोबर खाल्ला आणि "अतिशय सभ्य भाजी" असं मत दिलं.

भेंडी: पहिलं फूल ३ ऑगस्टला. पिवळं, आत लालसर काळा डोळा. मी तिथेच बसले होते अर्धा तास. एकूण २३ भेंड्या. बारा झाडांच्या मिळून. एका वेळी कधीच चारपेक्षा जास्त नाहीत, म्हणून तोडून तोडून फ्रीजरमध्ये साठवत गेले. २० सप्टेंबरनंतर एकही नाही. रात्र ८ अंशांवर आली आणि पानं एका आठवड्यात पिवळी.

---

हिशोबनीस
१५ ऑक्टोबर, रात्री १०:४१

२३ भेंड्या. लीद फुकट, फ्लीस, पिंप, बी, बुडबुड्यांचं प्लास्टिक आणि बियर धरली तर एका भेंडीचा भाव...

---

गप्प_बसा
१५ ऑक्टोबर, रात्री १०:४३

हिशोबनीस, गप्प बसा. हे मी म्हणतोय.

---

ओलीचिंब
१६ ऑक्टोबर, सकाळी ७:००

२३ म्हणजे पहिल्या वर्षासाठी भारीच! माझ्या पहिल्या वर्षी शून्य, दुसऱ्या वर्षी ६. पुढच्या वर्षी बाराऐवजी सहाच झाडं लाव आणि त्यांना दुप्पट जागा दे. दाटीत एकमेकींवर सावली पडते, आणि तुझ्याकडे सावली वाटायला ऊनच नाही.

---

सुभेदार_निवृत्त
१६ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

उत्तरेच्या भिंतीचं काय झालं? विटा?

---

घोंगडीवाली
१६ ऑक्टोबर, रात्री ९:१०

काका, रचल्या! दीड फूट उंच झाल्यात. अलॉटमेंटच्या समितीचं पत्र आलं, की पक्कं बांधकाम चालणार नाही. आता त्याच विटा सुट्ट्या रचून वर काळं कापड टाकलंय. बांधकाम नाही, ढीग आहे.

ओलीचिंब, सहाच लावेन. अंबाडी मात्र आठ.

---

लीड्सकाकू
१६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

ते सगळं असू दे. त्या २३ भेंड्यांचं केलंस काय?

---

घोंगडीवाली
१६ ऑक्टोबर, रात्री १०:०२

२२ची भाजी केली, दसऱ्याला. चिरून, कोरड्या कढईत, आमसूल घालून. चार माणसं, वाटीभर भाजी, प्रत्येकी दोन चमचे. मुलाने विचारलं, "बाकीची कुठे आहे?"

तेविसावी बियांसाठी झाडावर ठेवली होती. वाळली नाही, बुरसायला लागली. आता बॉयलरच्या कपाटात दोऱ्याने टांगली आहे. चिठ्ठी लावून.